रात्री आईला वाचून दाखवते आहे: सध्या काय चालू आहे, पुढे काय घेऊ?

रातवा

गेल्या पावसाळ्यात आईची मधली नजर गेली. डॉक्टर मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना ती मान जरा वळवते, कारण सरळ बघितलं की माझा चेहरा नाहीसा होतो आणि कान, केस, खांदे तेवढे उरतात. दाराची चौकट दिसते, ताटाची कड दिसते, अक्षर दिसत नाही. भिंग आणलं, मोबाइलवर अक्षर बोटाएवढं करून दिलं. महिनाभर तिने झटून बघितलं आणि एका दुपारी चष्मा पुसून, डबीत घालून कपाटात ठेवून दिला.

आई ७८ वर्षांची आहे. आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत तिने सगळी नोकरी केली. जन्मभर हातात पुस्तक असलेली बाई. ते रिकामे हात मला बघवेनात.

ऑडिओबुकं लावून दिली. काही फार चांगली आहेत. पण आईला मध्येच थांबवायचं असतं, "हे पुन्हा वाच", "ही कोण म्हणालीस?" असं विचारायचं असतं, आणि आठवलेलं काहीतरी सांगून मग पुढे जायचं असतं. म्हणून मार्गशीर्षापासून मीच वाचायला बसते. जेवणं आवरली की साडेनऊ ते दहा. आई कॉटवर भिंतीला टेकून, मी खाली चटईवर, शेजारी टेबललॅम्प आणि कोमट पाण्याचा तांब्या. अर्ध्या तासात बारा-तेरा पानं होतात.

सुरुवातीला मी धडाधड वाचत होते. आई म्हणायची, "स्वल्पविराम खाल्लास." किंवा नुसतंच बोट वर करायची, म्हणजे मागच्या वाक्यावर ये. आता सवय झाली. एक गोष्ट मात्र या आठ-नऊ महिन्यांत पक्की कळली. डोळ्यांनी वाचताना आवडलेलं प्रत्येक पुस्तक तोंडाने वाचता येत नाही. ज्या पुस्तकात कुणीतरी समोर बसून बोलतंय ते लगेच लागतं.

सगळ्यात छान लागलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलेलं पुस्तक आणि वाक्यं अशी, की शेजारची बाई भाजी निवडत सांगते आहे. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, त्यामुळे असेल, पुस्तकी वळण त्यांच्या हाताला लागलंच नाही. नवरा, कवी नारायण वामन टिळक, न सांगता घरातून निघून जातात, परत येतात, पुन्हा जातात. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती होतात आणि ही बाई काही वर्षं वेगळी राहते. एवढं सगळं त्या सांगतात आणि कुठे रडगाणं नाही. मी वाचताना आवाज जड करायला गेले की आई म्हणायची, "तू नको रडू, ती रडत नाहीये." त्या वाक्याने मला वाचायला शिकवलं.

'ययाति' मात्र आईनेच चौथ्या रात्री थांबवायला सांगितलं. तिचं जुनं आवडतं पुस्तक. पण पात्रं स्वतःच्या मनाशीच इतकं लांब बोलतात, की कानाने ऐकताना धागा सुटतो. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'मधल्या एका कथेला तीन रात्री लागल्या. भाषा अप्रतिम, पण मला तोंडातून ती पेलेना. कुणाला पेलली असेल तर कशी ते सांगा, मला ती पुन्हा वाचायची आहे.

'स्मृतिचित्रे' दोन दिवसांत संपेल. पुढे काय घेऊ? तुम्ही सध्या काय वाचताय, आणि त्यातलं तोंडाने वाचून बघितलेलं काय आहे?

काहूनबाई

रातवाताई, उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. १९६० ची कादंबरी. मी अमरावतीकडची. कौतिक नावाची बाई, नवऱ्याच्या हातून काही होत नाही, आणि संसाराचा गाडा ती एकटी ओढते. एवढीच गोष्ट. पण बोलणं सगळं वऱ्हाडी आहे, आणि ते कानावर पडलं की घरात माणसं वावरायला लागतात.

एक विनंती. वाचताना त्याचं पुणेरी करू नका. तुमच्याकडचे लोक 'मले' दिसलं की नकळत 'मला' वाचतात, 'काहून', म्हणजे 'का', आलं की अडखळतात. वऱ्हाडीत वाक्याच्या शेवटी आवाज जरा लांबतो, 'जाऊन राह्यला', 'करून राह्यली' यांतला 'राह्य' घाईत उरकायचा नसतो. मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या शाळेत एक दिवसही न गेलेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे कोनं लिवलं? त्याले आमच्या घरचं कसं मालूम?" छापलेल्या पुस्तकात आपली बोली असू शकते हे त्यांना वयाच्या सत्तरीत कळलं. त्या नंतर दुपारी शेजारणीला बोलावून ऐकवायला लावायच्या.

अडलेले शब्द इथे विचारा, मी सांगेन.

अंगणवेल

सूचना प्रामाणिकपणे करते, राग मानू नका. डोळे गेलेल्या माणसाला रात्री झोपायच्या आधी 'धग'सारखं दुःखाचं कशाला वाचायचं? माझे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. मी त्यांना 'बटाट्याची चाळ' वाचून दाखवायचे. पु. लं.नी त्याचे एकपात्री प्रयोग स्वतः केले, त्यामुळे ते लेखन बोलण्यासाठीच आहे, श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगतं. बाबा हसता हसता खोकायला लागायचे, मी पाठीवरून हात फिरवायचे, आणि मग त्यांना शांत झोप लागायची. ती झोप मला फार मोलाची वाटत होती.

साकव

'कोसला'. १९६३ ला आलेली, म्हणजे तुमच्या आई सोळा-सतरा वर्षांच्या असताना. मी आणि माझा भाऊ नाशिकला एका खोलीत राहायचो तेव्हा आळीपाळीने मोठ्याने वाचली. पांडुरंग सांगवीकर अखंड बोलत असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला काही करावंच लागत नाही. त्याचं ते 'वगैरे' डोळ्यांनी वाचताना नुसती लकब वाटते. तोंडाने म्हणून बघा. कधी कंटाळा, कधी लाज, कधी जिव्हारी लागलेलं झाकण्याची धडपड, दर वेळी आवाज वेगळाच लागतो.

मनी, त्याची धाकटी बहीण, जाते तो भाग मात्र आधी एकदा एकट्याने वाचून ठेवा. माझी पाळी होती आणि मला पुढचं वाक्य उच्चारता आलं नाही. भावाने पुस्तक हातातून घेतलं, त्यालाही जमलं नाही. आम्ही दिवा घालवून झोपलो आणि तो भाग दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, चहा घेऊन पुरा केला.

निंबोणी

बहिणाबाई चौधरी. यापेक्षा जास्त कानासाठी जन्मलेलं मराठीत काय आहे? त्यांना अक्षरओळख नव्हती. जळगावजवळच्या असोद्याची ही बाई जात्यावर, शेतात गाणी रचत गेली, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली म्हणून उरली. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. रात्री गोष्ट आणि सकाळी एक गाणं, असं करा. आईंना बरीचशी पाठही असतील, शिक्षिका होत्या ना.

परसदार

आम्ही न्यू जर्सीत. आमच्याकडे ऐकणारी सात वर्षांची आहे, त्यामुळे प्रश्न उलट्या बाजूचा, पण पुस्तक बहुतेक दोघींनाही चालेल. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची प्रकरणं म्हणजे रात्रीच आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे रात्री कुणीतरी कुणालातरी सांगायचं, हे पुस्तकातच लिहून ठेवलेलं आहे. आम्ही एका रात्रीला एक रात्र वाचतो.

मुलगी दिवसभर इंग्रजी बोलते. दर पानावर विचारते, सोवळं म्हणजे काय, माजघर म्हणजे काय. 'पत्रावळ' प्रकरण झालं त्या शनिवारी तिने अंगणातली मेपलची मोठी पानं गोळा केली आणि टूथपिकनी एकमेकांना टाचून पत्रावळ केली. दोन पानं फाटली, तिसऱ्यांदा जमली. तिच्यावर पोहे खाल्ले. माझी आजी कोकणात पत्रावळी लावायची, तिचे हात मला त्या दिवशी आठवले. तिच्या पणतीचे हात तसेच चालत होते, अंगठ्याने पान दाबून धरायचे आणि मग काडी खुपसायची. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

दप्तरी

मी ग्रंथपाल आहे, म्हणून थोडं कामाचं.

पुस्तक: विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार असं कळल्यावर १८५७ मध्ये काकांबरोबर पायी निघतो आणि थेट बंडात सापडतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हा माणूस आत होता. तोफा, लूट, जाळपोळ, तहानेने कासावीस झालेली माणसं, हे सगळं तो सांगतो, आणि मध्येच जेवणात काय होतं, दक्षिणा किती मिळाली हेही सांगतो. त्याला इतिहास लिहायचाच नव्हता. गावी परत आलेला माणूस ओटीवर बसून सांगतो तसं आहे. जमवलेला पैसा वाटेत लुटला गेला, पण आईवडिलांना गंगास्नान घालायचं म्हणून गंगेची कावड त्याने खांद्यावरून घरापर्यंत आणली.

पुस्तक मागताना आवृत्ती बघा. १९०७ ला चिंतामणराव वैद्यांनी छापलं तेव्हा त्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ला आली. मोठ्याने वाचायला मूळच घ्या. पहिल्या दहा पानांत जुन्या वळणाची वाक्यं जड जातील, मग लय सापडते.

आता दुसरं. छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, त्यात भारतीय भाषांतली पुस्तकंही आहेत. दृष्टीचा दाखला असेल तर नाव नोंदवता येतं. अशा वाचकांसाठी पुस्तक ऐकण्याच्या किंवा ब्रेलच्या रूपात करायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटच्या कायद्याची आडकाठी राहिलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचं होतं. लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या, साने गुरुजी १९५० ला. त्यांचं लेखन तुम्ही आवाजात नोंदवून दुसऱ्या कुणाच्या आईला पाठवलं तरी चालतं. ताई, तुमचं 'स्मृतिचित्रे' मोबाइलवर नोंदवलेलं असेल तर ते जपून ठेवा.

प्रवराकाठ

दया पवारांचं 'बलुतं', १९७८. लेखक स्वतःलाच, दगडू मारुती पवारला, समोर बसवतो आणि त्याची कहाणी ऐकतो. सांगणं आणि ऐकणं त्याच्या रचनेतच आहे. आमच्या अकोले तालुक्यातला माणूस. मी आमच्या अण्णांना वाचून दाखवलं. ते गिरणीत होते, सही येत होती, पुस्तक वाचत नव्हते. मुंबईतल्या कावाखाना या वस्तीचं वर्णन आलं तेव्हा अण्णा म्हणाले, थांब. मग तासभर ते बोलत होते. कोणत्या खोलीत कोण, पाण्याला किती लांब जायचं, रात्री कोण कुठे झोपायचं. चाळीस वर्षं आमच्यापुढे त्यांनी यातलं एक अक्षर काढलं नव्हतं. त्या रात्री पुस्तक तीनच पानं पुढे सरकलं.

अंगणवेलताई, तुमच्या वडिलांची झोप मला समजते. पण अण्णांना 'बलुतं' ऐकून हलकं वाटलं, हेही मी पाहिलं आहे.

बारमाही

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' रोज वाचू नका. महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचा. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा लेख, १९५६ चं पुस्तक. मी सहा वर्षं असंच वाचते आहे. त्या जे सांगतात ते झाड, ते फूल त्या आठवड्यात बाहेर असतंच. आईंना रंग पूर्ण दिसत नसतील तर फांदी हातात द्या, वास द्या. आता श्रावण संपत आला, भाद्रपदाचा काढून ठेवा.

रातवा

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. काहूनबाईंच्या सासूबाईंचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मेपलच्या पत्रावळीला म्हणाली, "पळसाची नाही मिळाली तर वडाची चालते, तिला सांग."

अंगणवेलताई, तुमची गोष्ट मी आईलाच विचारली. ती म्हणाली, हसायचंही वाच, पण मला दुःखाचं नको असं परस्पर ठरवू नकोस. म्हणून रविवार 'बटाट्याच्या चाळी'चा केला आहे. परवा आई खरंच डोळे पुसत हसली.

दप्तरी, तुमच्या सांगण्यावरून मोबाइलवर नोंद सुरू केली. 'स्मृतिचित्रे'ची शेवटची नव्वद पानं आवाजात आहेत. मध्येमध्ये आईचं "पुन्हा वाच" पण आहे, ते काढणार नाही.

भाद्रपद लागला त्या रात्री 'ऋतुचक्र' काढलं. सोसायटीच्या कुंपणाशी तेरडा फुलला आहे, त्याची एक डहाळी आईच्या हातात दिली. तिने बोटाने बोंड शोधलं, दाबलं, आणि ते तडकून बिया पसरल्या तेव्हा लहान मुलीसारखी हसली. तो लेख आम्ही एका बैठकीत पुरा केला.

'माझा प्रवास' चालू आहे. भाषेची भीती मलाच होती. आई म्हणते, ही तर माझ्या आजोबांची भाषा.

साकव

जी. एं.बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मलाही 'काजळमाया' तोंडाला जड गेलं होतं. त्याआधीचं 'निळासावळा' घ्या, १९५९ चं. घरातली माणसं आहेत, साधे संवाद आहेत. आणि एका रात्रीत कथा संपवायचा हट्ट सोडा. जी. एं.चं वाक्य म्हणजे उतरत जाणारी पायरी असते, मध्ये श्वास घेतला की प्रतिमा तुटते. म्हणून वाक्य आधी डोळ्यांनी शेवटपर्यंत बघायचं आणि मग तोंड उघडायचं. हळू होतं, पण होतं. मी पानामागे चार-पाच मिनिटं धरतो.

निंबोणी

आई आटपाडीकडे शिक्षिका होत्या, आणि 'बनगरवाडी' कुणी कसं सुचवलं नाही? व्यंकटेश माडगूळकर तिकडचेच, माडगुळे आटपाडी तालुक्यातच येतं. आणि सांगणारा मास्तरच आहे.

काहूनबाई

निंबोणीला अनुमोदन. 'धग' थांबेल, आधी 'बनगरवाडी'.

रातवा

लिहायला महिना लागला. आश्विन संपत आला.

'बनगरवाडी' १९५५ चं, दीडशेच्या आत-बाहेर पानं, म्हटलं दोन आठवडे पुरतील. चोवीस रात्री लागल्या, कारण आई दर पानाला थांबवत होती. तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर जातो, शाळेला पोरं नसतात, कारण पोरं मेंढरांमागे. इथे आई म्हणाली, "पहिले पंधरा दिवस मी पण एकटीच बसायचे. घंटा वाजवायची आणि बसायचं." कारभारी आला तेव्हा तिने तिच्या वाडीवरच्या म्हाताऱ्याचं वर्णन केलं, त्याच्या घोंगडीला येणाऱ्या वासासकट. आयबू शाळेत मुक्कामाला येतो, मास्तराचा सोबती होतो. आईच्या शाळेत रात्री झोपायला एक देवळातला गुरव यायचा, कारण बाई एकटी. हे मला आजवर माहीत नव्हतं. मी तिच्याच पोटची, आणि तिच्या नोकरीबद्दल मला बदल्यांच्या गावांची नावं सोडून काही ठाऊक नव्हतं.

माडगूळकरांचं वाक्य लहान असतं. एक गोष्ट दाखवतात आणि थांबतात. मोठ्याने वाचताना कळतं, की त्या थांब्यात ऐकणाऱ्याला बोलायला जागा आहे. लांब वाक्यांत आई कधी शिरू शकली नाही, इथे ती सहज शिरली.

मग शेवट आला. पाऊस नाही, दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. मी शक्य तितक्या सपाट आवाजात वाचत होते. आईने बोट वर केलं. मला वाटलं मागचं वाक्य हवं आहे. तसं नव्हतं. ती म्हणाली, "बहात्तरला माझ्या पटावर एकेचाळीस होती. दिवाळीनंतर वर्गात नऊ."

बहात्तरचा दुष्काळ मी गोष्टीतच ऐकलेला. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, एवढंच. आई तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पोरांची घरं एकामागून एक जगायला बाहेर पडली. कुणी कृष्णाकाठी, कुणी मेंढरं घेऊन कोकणाकडे, कुणी कुठे ते कळलंच नाही. रोज सकाळी ती हजेरी घ्यायची. नऊ मुलांपुढे एकेचाळीस नावं. वरून सांगणं आलं की न येणाऱ्यांची नावं कमी करा. "माझ्या हातून काट मारवेना," म्हणाली. "नाव काढलं की ते पोर परत यायचं नाही असं मला वाटायचं. मी रोज गैरहजर मांडत राहिले." पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर वर्गात सव्वीस झाली. पंधरा आली नाहीत.

त्या रात्री उरलेली चार पानं वाचली नाहीत. दुसऱ्या रात्री वाचली, पुस्तक संपलं.

तिसऱ्या रात्री मी नवं पुस्तक उघडायच्या आधीच आई म्हणाली, वही घे. आणि तिने हजेरी सुरू केली. क्रमांक एकपासून, आडनावासकट, त्याच चालीत, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबून. त्रेपन्न वर्षांपूर्वीचा पट. मध्येमध्ये अडते, मग मागच्या नावावरून पुन्हा येते, जसं मला वाक्यावर आणायची तसं. मी शेजारी लिहिते आहे की हा परत आला, ही आली नाही, याच्या बापाकडे मेंढरं किती, ही पाढे छान म्हणायची. कालपर्यंत एकोणतीस नावं झाली. बारा राहिली आहेत. ती घाई करू देत नाही.

म्हणून सध्या पहिली दहा मिनिटं वही आणि मग पुस्तक. 'निळासावळा' चालू आहे, साकव म्हणाले तसं वाक्य आधी डोळ्यांनी बघून. जमतंय.

'धग' वाचनालयातून शनिवारी मिळेल. काहूनबाई, पहिली काही पानं मी आधी एकटीने वाचून बघणार आहे. अडलेले शब्द रविवारी लिहून पाठवते, आणि जमलं तर दोन ओळी तुमच्या आवाजात नोंदवून पाठवाल का? 'राह्यला' नेमका किती लांबवायचा ते आईला ऐकायचं आहे.